पिवळा डबा वाजला की नाही, याबद्दल

नाव जागेश्वर गणपतराव धकाते, वय ५८ वर्षे, धंदा पूर्वी पॉवरलूमवर, हल्ली इतवारीत सुताच्या दुकानात नोकरी, राहणार तांडापेठ, नागपूर.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे. वरील पत्त्यावर मी, पत्नी प्रयागबाई व मुलगी दामिनी, वय २४, असे राहतो. आम्ही पिढीजात कोष्टी. वडिलांचा हातमाग होता, मी उभी हयात पॉवरलूमवर काढली, आणि मुलगी शर्यतीची गाडी चालवते. हे कसे काय झाले ते मला विचारू नये, मलाही ते अजून उमगलेले नाही. ती सायकल चालवायची तेव्हापासून गल्लीतले लोक तक्रार घेऊन दारात यायचे, एवढे सांगू शकतो.

वैभव हा माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमतीचा मुलगा. मनीषनगरात त्याचे मोटारींच्या वायरिंगचे दुकान आहे. त्याला आज सकाळपासून या ठाण्यात बाकावर बसवून ठेवले आहे. त्याचे कारण मी रविवारी शर्यतीच्या मैदानावर बोललेले एक वाक्य आहे. म्हणून मी स्वतःहून आलो, मला कोणी बोलावलेले नाही. ते वाक्य मी खरे बोललो. पण वैभव खोटे बोलणारा पोरगा नाही, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या कशा, हे माझ्या डोक्यात बसत नाही. तुमच्या डोक्यात बसले तर मला सांगावे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार शोभाताई यांना मी सुरुवातीलाच म्हटले की, ताई, जरा तोंड उघडून विचारा. हल्ली बायका सगळ्या तोंडातल्या तोंडात बोलतात, आमची प्रयागबाईही तशीच. शेजारच्या टेबलावरचे जमादार साहेब विचारतात ते मला स्वच्छ कळते. शोभाताई यांनी हेही लिहून घेतले आहे. घ्या बापा, मला त्यात लपवायचे काही नाही.

गाडी रजत यांची आहे. त्यांचे जरीपटक्यात टायरचे दुकान असून शर्यतीची गाडी त्यांनी हौसेने ठेवली आहे. एका माणसापुरती, वरून उघडी, जमिनीला पोट टेकलेली, मागे मोटरसायकलचे इंजिन. मागच्या हंगामात त्या गाडीचे इंजिन भर शर्यतीत जळाले. आतले ऑइल संपत आले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. त्यानंतर दामिनीने रजत यांना सांगितले की आधी इंजिनाला सेन्सर लावा, मग मी बसते. ते काम वैभवकडे आले.

वैभवने मला ते घरी जेवताना समजावून सांगितले. तो म्हणाला, "मामाजी, इंजिन एकदम नाही मरत. आधी ऑइलचं प्रेशर पडते, पाणी तापते. माणसाले ते कळत नाही. सेन्सरले कळते, आन् तो बोंबलते."

मी म्हणालो, "म्हणजे मागावर तागा तुटला का माग आपोआप थांबते, तसं."

"तसंच. पण हा थांबवत नाही, फक्त बोंबलते."

"थांबवत काहून नाही?"

"धावत्या गाडीचं इंजिन एकदम बंद केलं तं मागची गाडी येऊन ठोकन ना मामाजी. थांबायचं का नाही हे माणसानंच ठरवलं पाहिजे."

मला ते पटले. पोरगा हुशार आहे. त्याने धोक्याची सूचना दोन ठिकाणी दिली होती. एक लाल दिवा दामिनीच्या समोर, स्टेअरिंगच्या वर. आणि एक पिवळा डबा, तो आमच्या तंबूत, ट्रॅकच्या कडेला. गाडीतून त्या डब्याला बिनतारी खबर मिळते, मग डब्यावरचा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. भोंगा त्याने मुद्दाम बारीक, चिरक्या आवाजाचा घेतला. त्याचे म्हणणे असे की इंजिनांचा आवाज जाडा असतो, जाड्यात जाडा मिसळून जातो, बारीक आवाज त्यातून सुईसारखा बाहेर येतो.

शनिवारी सरावात असे झाले की दामिनीसमोरचा दिवा उगाचच लुकलुकू लागला. ट्रॅकवर एका ठिकाणी रस्ता खडबडीत आहे, तिथे हादरा बसला की लागायचा. वैभवने दोनदा जोड उघडून पाहिले, फरक पडला नाही, आणि शर्यत दुसऱ्या दिवशी होती. पिवळा डबा मात्र हादऱ्याला फसत नव्हता. प्रेशर पडून काही वेळ तसेच राहिले तरच तो वाजायचा. म्हणून असे ठरले की दिवा लागला तर दामिनीने आमच्या समोरून जाताना कानाला हात लावायचा. म्हणजे डबा वाजतो आहे का, असा प्रश्न. वाजत असेल तर तंबूतल्या माणसाने मूठ वर करायची, म्हणजे थांब. वाजत नसेल तर तळहात पुढे ढकलायचा, म्हणजे चालू दे.

या खुणा आमच्या घरातल्या आहेत, हे नमूद करावे. लूमच्या शेडमध्ये एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येत नाही. तिथे सगळे हातांनी बोलतात. तागा तुटला, बॉबिन संपली, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा आहेत. दामिनी लहान असताना माझा जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये यायची आणि दारातूनच हातवारे करून मला हसवायची. हेल्मेट घातल्यावर तिलाही काही ऐकू येत नाही, म्हणून तिनेच या खुणा शर्यतीत आणल्या.

रविवारी डब्यापाशी कोण बसणार हा प्रश्न आला. वैभवला टायर बदलायच्या जागी, दूरच्या टोकाला उभे राहायचे होते. रजत म्हणाले, मी बसतो. दामिनी म्हणाली, "नाही, बाबा बसतील. बाबाले मशीन समजते." हे तिने चार लोकांत म्हटले. मला फार बरे वाटले. खोटे काहून बोलू, छाती फुगली. शेडमध्ये डोळे मिटून मी सांगायचो की कोणत्या रांगेतला माग बिघडला. पायाला कळते ते, जमिनीतून.

मी डब्यापाशी खुर्ची घेऊन बसलो. ऊन चढत होते व डबा हात लावला तर चटका बसेल इतका तापला होता. नागपुरात उन्हात ठेवलेली कोणतीही वस्तू माणूस आधी झाकतो. मीही माझा खांद्यावरचा दुपट्टा डब्यावर टाकला. वैभवने बसवलेल्या वस्तूची काळजी घेतली, एवढाच त्यात हेतू होता. त्याने डब्यावरचा दिवा झाकला गेला, हे मला समजत होते. पण दिवा उन्हात असाही दिसत नव्हता आणि मला डबा ऐकायचा होता, बघायचा नव्हता.

शर्यत सुरू झाली. दामिनी चांगली चालवत होती. अर्ध्याच्या पुढे शर्यत गेल्यावर ती आमच्यासमोरून जाताना तिने कानाला हात लावला. मी डब्याकडे वळलो. कान देऊन ऐकले. डबा गप्प होता. मी उठून तिला तळहात पुढे ढकलून दाखवला. तिने मान हलवली आणि गाडी आणखी दाबली.

त्याच वेळी शेजारच्या तंबूतले मेकॅनिक भूपेश माझ्याकडे बोट दाखवून काही म्हणत होते. मला वाटले दुपट्टा खाली पडतो आहे, म्हणून मी तो नीट केला. दूरच्या टोकाकडून वैभव दोन्ही हात हवेत हलवत, तोंड उघडून माझ्याकडे धावत येत होता. मला वाटले पोरगी कोणाच्या तरी पुढे गेली म्हणून नाचतो आहे. मीही त्याला हात हलवला.

मग मला इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला. हे मी शपथेवर सांगतो. गाडी पलीकडच्या वळणावर होती, दिसतही नव्हती, पण खालून घरघर सुरू झाली ती मला कळली. मी उभा राहून मूठ वर केली. पण गाडी समोर यायला अजून एक वळण होते. त्या वळणावर इंजिन जाम झाले, मागची चाके जागच्या जागी धरली गेली, गाडी गरगर फिरली आणि टायरच्या ढिगावर जाऊन आदळली. मूठ वर धरून मी तसाच उभा होतो असे नंतर लोक म्हणाले. मला आठवत नाही.

दामिनी शुद्धीवर होती. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टर म्हणतात चालेल. गाडी चालवेल का, हे मी विचारले नाही.

तिला गाडीतून काढत असताना रजत यांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "काकाजी, सच बताओ, अलार्म बजा था क्या?" मी सांगितले, "नाही वाजला." हेच ते वाक्य. वैभव तिथेच होता. तो म्हणाला, "मामाजी, काय बोलून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, जे झाले ते बोललो. रजत यांनी त्यावरूनच तक्रार दिली आहे की वैभवने बसवलेली यंत्रणा बोगस होती, त्यामुळे इंजिन गेले व मुलगी जखमी झाली. इंजिन उघडले तेव्हा ऑइलची नळी सुटलेली निघाली, असे मला नंतर समजले. ती नळी बसवण्याचे काम वैभवचे नव्हते.

काल सुमती घरी आली. दारातच म्हणाली, "दादा, तुले माह्या पोराशी काय दुश्मनी आहे गा?" मी म्हटले, दुश्मनी नाही, पण मी कोणासाठी खोटे बोलत नाही, भाच्यासाठीही नाही. ती रडत बरेच काही बोलली. त्यातले मला निम्मे समजले, रडताना माणसाचे बोलणे समजत नाही. राखीला जिने कधी खंड पाडला नाही ती बहीण माझ्या घरचे पाणी न पिता गेली. रात्रभर मी तेच मनात घोळवले. भूपेश यांनी पोलिसांना सांगितले आहे की डबा इतका वाजत होता की त्यांच्या कानाला दडे बसले. त्यांचे वैभवशी नाते नाही आणि माझ्याशी वैर नाही. मग ते खोटे काहून सांगतील? आणि मी त्यांच्याहून जवळ, हाताच्या अंतरावर बसलो होतो. मला काहूनच ऐकू आले नाही?

शेवटी माझ्या मनाने असे घेतले की आवाज दुपट्ट्याने दाबला. म्हणजे डबा वाजला, पण माझ्या दुपट्ट्याखाली वाजला. चूक असेल तर ती दुपट्ट्याची, म्हणजे माझी, वैभवची नाही. हे सांगण्यासाठी मी आज इथे आलो होतो. हे मी जमादार साहेबांना सांगितले. ते हसले नाहीत, पण म्हणाले की दुपट्ट्याखाली दाबलेला आवाज भूपेशला जातो आणि तुम्हाला येत नाही, हे कसे?

त्यावर शोभाताई उठल्या आणि साहेबांच्या कानाला लागून काही बोलल्या. साहेबांनी जप्त केलेला पिवळा डबा मागवून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, व वैभवला आत बोलावले. तपासणीसाठी डब्याला बाजूला एक बटण आहे. ते दाबले की भोंगा वाजतो. वैभवचे डोळे सुजलेले होते. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. साहेब म्हणाले, लाव.

मी वाट पाहत बसलो. डब्यावरचा लाल दिवा लागला. शोभाताईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. दारातला शिपाई वळून आत पाहू लागला. व्हरांड्यात झोपलेले कुत्रे उठून बाहेर गेले. मला वाटले हे सगळे कशाची तरी तयारी करत आहेत. मी वैभवला म्हटले, "लाव ना गा."

वैभवने आता माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे वाकून, हळू म्हणाला, "लावला आहे मामाजी. केव्हाचा लावला आहे."

मी त्याला म्हटले, थट्टा करू नको. तो थट्टा करत नव्हता. मी डब्यावर हात ठेवला. डबा थरथरत होता, जसा चालू मागाचा सांगाडा थरथरतो. तळहाताला सगळे येत होते. कानाला काही येत नव्हते. मी कान डब्याला लावला तरी आले नाही. साहेबांनी बंद कर म्हटले ते मला स्वच्छ ऐकू आले. त्यानंतर शोभाताईंनी कानांवरचे हात काढले.

शोभाताईंनी पाणी दिले. साहेबांनी विचारले की लूमवर किती वर्षे होता, कानात कापूस वगैरे घालत होता का. मी सांगितले, कापूस बायका घालतात. सोळाव्या वर्षापासून शेडमध्ये होतो, कोणी काही घालत नव्हते. मी बहिरा नाही, हेही सांगितले. बहिरा माणूस मला माहीत आहे, आमच्या गल्लीत एक आहे, त्याला ढोल वाजला तरी कळत नाही. मला ढोल ऐकू येतो, ट्रक येतो, साहेब तुमचे बोलणे येते. साहेब म्हणाले, बारीक आवाज जात असतील. असे होते हे मला माहीत नव्हते. आवाज गेला हे माणसाला कळणार कसे, तो येतच नाही तर.

आता आठवते ते सांगतो. प्रयागबाई मला कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवते आणि मी दुसऱ्या शिट्टीची वाट पाहत असतो तेव्हा ती येऊन गॅस बंद करते आणि म्हणते, "अवो, डाळीचा पार गू झाला, तुमचं ध्यान कुठी राह्यते?" मी म्हणायचो, काय वं, तुझाच कुकर नीट शिट्टी देत नाही. नवीन कुकर आणला. दुकानात पोरी बोलतात त्या मला हसतात असे वाटायचे म्हणून मी त्यांच्याशी बोलणे सोडले. आणि ही शोभाताई तोंडातल्या तोंडात बोलते असे मी वर लिहायला लावले आहे.

तरी माझे सांगणे असे आहे की, रविवारी पिवळा डबा वाजला. मी तो ऐकला नाही, पण तो वाजला. वैभवने बसवलेल्या यंत्रणेत दोष नव्हता. इंजिनाने सेन्सरला सांगितले, सेन्सरने डब्याला सांगितले, डब्याने मला सांगितले. पुढे मी दामिनीला सांगायचे होते. मी तिला तळहात दाखवला. ती माझ्यावर भरवसा ठेवून पुढे गेली. वैभवला सोडावे. मला बसवायचे असेल तर त्या बाकावर मी बसतो, जागा मोकळी होईलच.

आणखी एक सांगायचे आहे. ते तपासाच्या कामाचे नसेल, पण लिहावे. दवाखान्यात काल दामिनी माझा हात धरून मला बराच वेळ काही सांगत होती. तिचा आवाज आधीच बारीक, त्यात अशक्तपणा, वर पंखा. मी मान डोलावत होतो. मधेच ती थांबून माझ्याकडे पाहायची, मी पुन्हा मान डोलवायचो. शेवटी तिने डोळे पुसले आणि हसली. मी काय कबूल केले, तिने मला माफ केले की काही विचारले, मला माहीत नाही. तिचा जबाब घ्यायला तुम्ही उद्या जाणार आहात असे साहेबांनी सांगितले. त्याआधी मला एकदा जाऊ द्यावे. मी पलंगासमोर बसेन आणि तिला सांगेन की तोंडाने नको, शेडमध्ये बोलायचीस तशी हातांनी बोल.

हा जबाब लिहून झाल्यावर शोभाताईंनी वाचला, तो मला तुटक ऐकू आला, तसे मी या वेळी लगेच सांगितले. मग जमादार साहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि त्यांच्या जाड आवाजात, ओळीओळीला थांबून, त्यांनी तो पहिल्यापासून वाचला. वैभव शेजारी उभा होता. शोभाताईंबद्दलचे खोडू का, असे साहेबांनी विचारले. शोभाताईंनी तळहात पुढे ढकलून मला दाखवला, म्हणजे चालू दे. तो मजकूर तसाच ठेवला आहे. सर्व मजकूर मी ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
जागेश्वर गणपतराव धकाते